लहानांचा ताप : भिवविणारीं लक्षणें आणि भ्यावयाचीं लक्षणें

मुलांबाळांच्या घरांत ताप हा वर्षांतून तीनचार वेळां येणारा पाहुणा आहे. पावसाळ्याच्या तोंडीं येतो, शाळेंतून थोरल्यानें आणलेल्या पडशाबरोबर धाकट्याकडे येतो, आणि दोनतीन दिवस राहून जातो. त्याची सरबराई कशी करावी हें घरांतील वडील बायकांस पाठ असतें. परंतु एखादे रात्रीं हाच पाहुणा निराळ्या वेषांत येतो. अंग तव्यासारखें तापलेलें आणि हातपाय मात्र गार पडलेले. चार वर्षांची पोर दचकून उठून बसते आणि भिंतीवर किडे चालले आहेत म्हणून किंचाळते. दीड वर्षांचें बाळ मांडीवरच ताठ होतें, डोळे पांढरे करतें, त्याचे ओठ निळे पडतात. मग सारें घर जागें होतें. एकजण डॉक्टरांना बोलवा म्हणतो, दुसरा देव्हाऱ्यांतला अंगारा आणतो, तिसरा कांदा फोडून नाकाशीं धरतो, आणि कोणी तरी दांतखीळ उघडावयास चमचा घेऊन धांवतो. त्या गर्दींत "काल हिनेंच पोराला वाऱ्यांत नेलें होतें" हें वाक्यही हमखास निघतें. आणि तें ज्या माउलीला उद्देशून असतें, तिच्याच मांडीवर तें मूल असतें.

जीं लक्षणें पाहून आपली पांचांवर धारण बसते, तीं बहुधा निभावून जाणारीं असतात. आणि जीं खरोखर भ्यावयाचीं, तीं पुष्कळदां गाजावाजा न करितां येतात. हा भेद घरांतील एकदोन माणसांस जरी ठाऊक असला, तरी वर वर्णिलेली रात्र पुष्कळ सोपी होईल.

प्रथम थर्मामीटरविषयीं. १८६६ च्या सुमारास क्लिफर्ड ऑलबट ह्या इंग्रज डॉक्टरानें सहा इंच लांबीचा, पांच मिनिटांत ताप सांगणारा थर्मामीटर तयार केला. त्यापूर्वींचें यंत्र फूटभर लांब असे आणि त्याला वीस मिनिटें लागत. तेव्हांपासून ताप आंकड्यांत मोजतां येऊं लागला, आणि घरोघर आंकड्याचीच धास्ती बसली. १०४ झाला कीं मेंदूला इजा होते, अशी समजूत चांगल्या शिकलेल्या घरांतही आढळते. ती खरी नाहीं. जंतूंमुळें येणारा ताप मेंदूच्या ताब्यांत राहून चढतो, आणि इजा होण्याइतका तो बहुधा चढतच नाहीं. उन्हांत बंद मोटारींत राहिलेल्या मुलाला जो उष्माघात होतो, त्याची गोष्ट वेगळी. तेथें हा ताबाच सुटलेला असतो. शिवाय एक अपवाद पक्का लक्षांत ठेवावा. तीन महिन्यांच्या आंतील अर्भकाला १००.४ एवढा ताप आला तरी त्याच दिवशीं डॉक्टरांस दाखविलें पाहिजे, मग तें कितीही हंसतें खेळतें असो. त्याहून मोठ्या मुलाच्या बाबतींत, १०४ ताप असूनही औषधानंतर उठून बसून बिस्किट मागणारें मूल हें १०१ तापांत डोळे न उघडणाऱ्या मुलापेक्षां कितीतरी बरें.

आतां गार पडणाऱ्या हातापायांचें पाहूं. आपल्या मेंदूच्या तळाशीं उष्णतेचा कारभार पाहणारा एक लहानसा भाग आहे. शरीरांत जंतू शिरले कीं प्रोस्टाग्लँडिन ह्या द्रव्याच्या द्वारें त्याला निरोप पोंचतो, आणि तो शरीराची उष्णता ९८ ऐवजीं, समजा, १०३ वर न्यावयाची असें ठरवितो. मग उष्णता बाहेर जाऊं नये म्हणून कातडीखालच्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात. त्यामुळें तळहात, तळपाय गार व फिकट होतात. अधिक उष्णता उत्पन्न व्हावी म्हणून स्नायू थरथरूं लागतात, हीच हुडहुडी. म्हणजे हातपाय गार पडणें हें ताप 'आंत शिरल्याचें' लक्षण नसून तो अजून चढणार असल्याची सूचना होय. पॅरासिटामॉल हें औषध प्रोस्टाग्लँडिन तयार होऊं देत नाहीं, म्हणून कारभाऱ्याचा ठराव खालीं येतो व मग घाम सुटून ताप उतरतो. ठराव तसाच ठेवून नुसतें बर्फाचें पाणी अंगावर घातलें तर मूल अधिकच काकडतें. कोमट पाण्यानें अंग पुसण्यास हरकत नाहीं. मात्र त्यानें मूल रडूं लागलें तर सोडून द्यावें. कोलनवॉटरची घडी कपाळावर ठेवल्यानें ताप उतरत नाहीं, आजीचें समाधान होतें. परंतु स्पिरिट किंवा कोलनवॉटर लहान मुलाच्या सर्वांगाला मात्र चोळूं नये. तें कातडींतून व श्वासावाटे शरीरांत जातें.

ताप उतरल्यावरही हातपाय गारच राहिले, कातडीवर जाळीसारखे निळसर डाग दिसूं लागले, आणि चालतें मूल पाय दुखतात म्हणून उभें राहीना, तर मात्र ती हुडहुडी नव्हे. रक्तांत जंतूंचें विष भिनत असल्याचीं तीं पहिलीं चिन्हें असूं शकतात, आणि तेथें सकाळची वाट पाहूं नये.

तापांत बरळणें हें दुसरें लक्षण. ह्याला आपल्याकडे 'वात झाला' असें म्हणतात आणि जुन्या माणसांच्या मनांत त्याचा संबंध शेवटच्या आजाराशीं जोडलेला असल्यामुळें घरांत एकदम गंभीर शांतता पसरते. वास्तविक तीनचार वर्षांपासून नऊदहा वर्षांपर्यंतच्या मुलांना ताप झपाट्यानें चढत असतां, विशेषतः झोपमोड झाल्यावर, असे भास होणें ही वारंवार घडणारी गोष्ट आहे. भिंत सरकत जवळ येते, आईचें तोंड दूर व लहान दिसतें, आपलेच हात सुजून मोठाले झाल्यासारखे वाटतात. वस्तु लहानमोठ्या दिसण्याच्या ह्या प्रकाराला जॉन टॉड ह्या इंग्रज मानसोपचारज्ञानें १९५५ सालीं लुई कॅरलच्या गोष्टींतील ॲलिसचें नांव दिलें. दिवा लावावा, मुलाला जवळ घ्यावें, 'किडे नाहींतच' असा वाद घालूं नये. थोड्याच वेळांत मूल भानावर येतें, आईला ओळखतें आणि झोपीं जातें. सकाळीं त्याला बहुधा कांहीं आठवतही नाहीं.

पण ताप उतरूनही भ्रम राहिला, मूल आईला ओळखीना, वारंवार ओकूं लागलें, गुंगींत जाऊं लागलें, तर हा मेंदूचाच आजार असूं शकेल. तेथें घड्याळाचा कांटा पाहूनच वागावें लागतें. ह्याचें उदाहरण महाराष्ट्रांतलेंच आहे. नागपुराजवळच्या चांदिपुरा गांवीं १९६५ सालीं तापाच्या रोग्यांच्या रक्तांत एक नवा विषाणु सांपडला. पुण्याच्या विषाणु संशोधन केंद्रांत तो ओळखला गेला आणि त्या गांवाचें नांव त्याला मिळालें. पुष्कळ वर्षें त्याला कोणी फारसें महत्त्व दिलें नाहीं. २००३ सालीं आंध्रप्रदेशांत त्याची सांथ आली. ३२९ मुलें आजारी झालीं आणि त्यांपैकीं १८३ दगावलीं. त्याच वर्षीं महाराष्ट्रांतही त्याचा उपद्रव झाला, आणि २०२४ च्या पावसाळ्यांत गुजराथेंत तो पुन्हां दिसला. मातीच्या भिंतींच्या भेगांत राहणारी, डासाहूनही लहान अशी वालुमाशी तो पसरविते. एकाएकीं मोठा ताप, ओकाऱ्या, आंचके आणि बेशुद्धि असा क्रम, आणि कित्येकदां दोन दिवसांच्या आंत शेवट. हा आजार क्वचित् होणारा आहे, हें खरें; पण 'वात झाला आहे, उतरेल' म्हणून रात्र काढणें कोठें धोक्याचें ठरतें, हें त्यावरून कळावें.

ह्या सगळ्यांत घराला मुळापासून हादरविणारें लक्षण म्हणजे आकडी. सहा महिन्यांपासून पांच वर्षांपर्यंतच्या दर शंभर मुलांपैकीं दोन ते पांच मुलांना तापांत केव्हां तरी आकडी येते, आणि त्यांतही वयाचें दुसरें वर्ष विशेष. म्हणजे मोठ्या गोतावळ्यांत एखादें तरी असें मूल सांपडावयाचेंच. ह्याची नोंदही फार जुनी आहे. ग्रीक वैद्य हिपोक्रेटिस ह्याच्या नांवावरील ग्रंथांत लहान मुलांना तीव्र तापांत आंचके येतात असें लिहिलेलें आहे. आपल्या सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रांत नऊ बालग्रह वर्णिले आहेत, त्यांतील स्कंदापस्मार नांवाच्या ग्रहाचें वर्णन वाचतांना आकडी आलेलें मूल डोळ्यांपुढें उभें राहतें. ग्रहाची कल्पना आज आपण मानीत नाहीं; त्या वैद्यांची नजर मात्र मानावी लागते.

आकडी बहुतकरून तापाच्या पहिल्याच दिवशीं येते. कित्येकदां तर ताप आहे हेंच आकडीमुळें कळतें. तेव्हां 'आईचें लक्ष नव्हतें' हा आरोप अगदींच अन्यायाचा. मूल एकाएकीं ताठ होतें, डोळे वर जातात, दातखीळ बसते, हातपाय तालांत उडूं लागतात, तोंडाला फेंस येतो, कधीं कपड्यांत लघवी होते. हुडहुडी आणि आकडी ह्यांत घोटाळा होऊं नये : हुडहुडींत मूल शुद्धीवर असतें, हाक मारली तर पाहतें, आकडींत तें कोणाचेंच नसतें. दोनतीन मिनिटांत हें सारें थांबतें. पाहणाऱ्यांस तीं मिनिटें अर्ध्या तासासारखीं वाटतात, म्हणून कोणी तरी एकानें पहिल्या क्षणींच घड्याळ पाहावें. हें सर्वांत महत्त्वाचें काम आहे, आणि तें घरांतल्या दहाबारा वर्षांच्या मुलालाही सांगतां येतें.

मुलाला सतरंजीवर किंवा जमिनीवर कुशीवर निजवावें, म्हणजे लाळ व ओकारी बाहेर पडेल. गळ्याजवळची गुंडी सोडावी. आसपासची टोंकदार वस्तु दूर करावी. ह्यापलीकडे करावयाचें कांहीं नाहीं. आणि कांहीं न करणें हेंच भरल्या घराला जड जातें. दांतांत चमचा घालूं नये. जीभ गिळली जाते ही कल्पना चुकीची आहे. चमच्यानें मात्र दांत तुटतो, आणि तुटलेला दांत श्वासनलिकेंत जाऊं शकतो. हातपाय दाबून धरूं नयेत. कांदा, चप्पल, कांहींही हुंगवूं नये. कांदा फोडीपर्यंत आकडी आपली आपणच थांबलेली असते, आणि श्रेय कांद्याला मिळतें! सर्वांत वाईट म्हणजे बेशुद्ध मुलाच्या तोंडांत पाणी, मध किंवा औषध ओतणें. तें पोटांत न जातां फुप्फुसांत जातें.

आकडी थांबल्यावर मूल गाढ झोपतें, आणि तासाभरांत हळूहळू पूर्ववत् होतें. पहिल्याच वेळीं आलेल्या आकडीनंतर, ती कितीही लहान असली तरी, मुलाला त्याच दिवशीं डॉक्टरांस दाखवावें. आणि ती पांच मिनिटांत थांबली नाहीं, तर क्षणाचाही विलंब न लावतां इस्पितळ गांठावें. एकाच बाजूचा हातपाय उडत असला, चोवीस तासांत आकडी पुन्हां आली, मूल तासाभरानंतरही नीट जागें होईना, अथवा वय सहा महिन्यांच्या आंत किंवा पांच वर्षांच्या वर असलें, तरीही तसेंच करावें. ज्यांच्या घरीं एकदां लांबलेली आकडी येऊन गेली आहे, त्यांना डॉक्टर नाकांत फवारावयाचें मिडाझोलाम हें औषध घरीं ठेवावयास देतात. तें कोठें ठेवलें आहे हें आईखेरीज आणखी दोघांना तरी माहीत असावें.

इस्पितळांत डॉक्टर कधीं कधीं पाठीच्या कण्यांतील पाणी तपासण्याचा आग्रह धरतात, विशेषतः मूल वर्षाच्या आंतील असेल व लसी राहिल्या असतील तर. तेथें घरचीं माणसें अडून बसतात. 'पाठींतलें पाणी काढलें कीं मूल पांगळें होतें' ही भीति पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. मज्जारज्जू कमरेच्या वरच्या भागांतच संपतो. सुई त्याच्या खालीं घालतात. काढलेलें पाणी चमचाभरही नसतें, व शरीर तें लवकरच भरून काढतें. पांगळेपण येतें तें वेळेवर न ओळखलेल्या मेंदूज्वरानें. वर्षाच्या आंतील मुलाची मान मेंदूज्वरांतही ताठ होईलच असें नाहीं. टाळू फुगलेली दिसेल, किंवा तेंही दिसणार नाहीं. म्हणूनच डॉक्टरांना ती सुई हवी असते. मग नकाराची सही करण्यापूर्वीं घरांतील कर्त्या पुरुषानें एकदां आईचेंही मत विचारावें.

पुढें काय, ही चिंता उरते. तापांत आकडी आलेल्या तीन मुलांपैकीं सुमारें एकाला ती पुन्हां केव्हां तरी येते. पहिली आकडी लहान वयांत आली असेल, किंवा आईबापांपैकीं कोणाला बालपणीं आली असेल, तर शक्यता अधिक. ह्या बाबतींत आजीची स्मरणशक्ति डॉक्टरांच्या फार उपयोगी पडते. ताप आला रे आला कीं औषध दिल्यानें आकडी टळते, असें मात्र आढळलेलें नाहीं. औषध मुलाच्या आरामासाठीं द्यावें. पूर्वीं अशा मुलांना रोज फेनोबार्बिटोन देत. १९९० सालीं प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेंतील एका चांचणींत दिसून आलें कीं, त्यानें आकड्या तर कमी झाल्या नाहींत, उलट बुद्ध्यंक खालीं गेला. उलटपक्षीं, ब्रिटनमध्यें १९७० च्या एप्रिलांतील एका आठवड्यांत जन्मलेल्या हजारों मुलांवर पुढें लक्ष ठेवण्यांत आलें. त्यांत तापांत आकडी येऊन गेलेलीं मुलें दहाव्या वर्षीं अभ्यासांत व वागणुकींत इतरांच्या बरोबरीचींच आढळलीं.

फेफरें आणि तापांतील आकडी ह्या दोन गोष्टी निराळ्या. सर्वसाधारण शंभरांत एकाला फेफऱ्याचा विकार होतो. तापांतील साधी आकडी येऊन गेलेल्या मुलांत हें प्रमाण शंभरांत एक ते दोन असें धरतात. एवढ्याशा फरकासाठीं, विशेषेंकरून मूल मुलगी असली कीं, सारा प्रकार सोयरेधायरे यांच्यापासून लपविण्याची जी धडपड चालते, ती खेदजनक होय. लपविण्याच्या भरांत शाळेंतील बाईंनाही सांगितलें जात नाहीं, आणि आकडी शाळेंत आली तर तेथेंही तोच चमचा पुढें येतो.

आतां जीं मुकाट्यानें येतात त्यांकडे वळूं. मूल पाणी पीत नाहीं, आठ तासांत लघवी नाहीं, हांक मारली तरी डोळे मिटूनच आहे. श्वासाबरोबर पोट उडतें. दोन महिन्यांपासून वर्षापर्यंतच्या मुलाचे श्वास मिनिटाला ५० किंवा अधिक, वर्षापासून पांच वर्षांपर्यंतच्याचे ४० किंवा अधिक. हे श्वास अंगरखा वर करून, मूल शांत असतां, पूर्ण एक मिनिट मोजावेत. अंगावर लाल वा जांभळे ठिपके आले, तर कांचेचा पेला त्यांवर दाबून पाहावा. दाबूनही जे नाहींसे होत नाहींत, ते रक्ताचे ठिपके. सांवळ्या अंगावर ते दिसत नाहींत, म्हणून तळहात, तळपाय व पापण्यांच्या आंतली बाजू पाहावी.

ह्यांत ताप उतरण्याची गंमत फार फसवी आहे. दोन वर्षांच्या आंतील मुलाला तीनचार दिवस १०३–१०४ ताप, मग ताप गेला आणि अंगावर गुलाबी पुरळ उठला, मूल मात्र खेळतें आहे : हा बहुधा रोझिओला नांवाचा निरुपद्रवी आजार, कांहीं करावें लागत नाहीं. डेंग्यूंतही तिसऱ्यापासून सातव्या दिवसापर्यंत केव्हां तरी ताप उतरतो, आणि खरा धोका त्यानंतरच्या एकदोन दिवसांत असतो. पोटांत फार दुखतें, ओकाऱ्या थांबत नाहींत, हिरड्यांतून किंवा नाकांतून रक्त येतें, मूल तळमळतें वा मलूल पडतें, हातपाय गार होतात. घरीं सर्वजण 'ताप उतरला' म्हणून निश्चिंत, आणि मूल खालावत असतें. डेंग्यूची शंका असतां आयबुप्रोफेन देऊं नये. आणि ॲस्पिरिन तर लहानांस तापांत मुळींच देऊं नये. ऑस्ट्रेलियांतील डग्लस राय ह्यांनीं १९६३ सालीं वर्णन केलेला, यकृत व मेंदू बिघडविणारा विकार त्याच्याशीं निगडित आहे.

पांच दिवस उलटूनही ताप हटत नसेल तर आणखी एक गोष्ट पाहावी. टोकियोंतील बालरोगतज्ज्ञ तोमिसाकु कावासाकि ह्यांनीं १९६१ सालीं चार वर्षांचा एक मुलगा पाहिला. त्याचा आजार कोणत्याच पुस्तकांत बसेना. त्यांनीं तशींच मुलें टिपून ठेविलीं आणि १९६७ सालीं ५० मुलांची हकीकत प्रसिद्ध केली. डोळे लाल पण चिपडें नाहींत, ओठ लाल व फुटलेले, जीभ दाणेदार तांबडी, अंगावर पुरळ, हातपाय सुजलेले, मानेंत गांठ. पुढें बोटांच्या टोंकांची सालपटें निघतात. हीं सर्व एकाच दिवशीं दिसतीलच असें नाहीं, म्हणून चुकामूक होते. वेळेवर उपचार न झाल्यास चारांत एका मुलाच्या हृदयाला रक्त पुरविणाऱ्या धमन्या फुगतात. तापाच्या पहिल्या दहा दिवसांत इम्युनोग्लोब्युलिन शिरेंतून दिलें तर हा धोका पुष्कळच कमी होतो. आपल्या मुलांच्या बाबतींत एक सोपी खूणही आहे : जन्मतः डाव्या दंडावर टोंचलेल्या बी.सी.जी.चा जुना व्रण ह्या तापांत कधीं कधीं पुन्हां लाल होऊन सुजतो. अंघोळ घालणाऱ्या आजीच्या किंवा काकूच्या नजरेला तो डॉक्टरांच्या आधीं पडतो. तो दिसला तर डॉक्टरांना आवर्जून दाखवावा.

डॉक्टरांकडे जातांना एका कागदावर ताप, वेळ, औषध, लघवी एवढें लिहून न्यावें. आकडी चालू असतां कोणी तरी मोबाइलवर तिचें चित्र घेतलें तर उत्तमच. डॉक्टरांना ती क्वचितच प्रत्यक्ष दिसते. औषध कोणीं, केव्हां दिलें हें भरल्या घरांत विशेष लिहून ठेवावें, कारण आईनें एकदां दिलेलें आत्या पुन्हां देते. पॅरासिटामॉलची मात्रा मुलाच्या वजनावर ठरते : दर किलोला १५ मिलिग्रॅमपर्यंत, चार ते सहा तासांनीं, दिवसांतून चार वेळांहून अधिक नाहीं. दहा किलोच्या मुलाला १५० मिलिग्रॅम. थेंबांच्या बाटलींत बहुधा दर मिलिलिटरला १०० मिलिग्रॅम असतें, म्हणजे दीड मिलिलिटर पुरे; १२५ च्या पातळ औषधाचे सहा मिलिलिटर लागतात, २५० च्याचे तीन. थेंबांच्या बाटलींतून सहा मिलिलिटर दिलें तर मात्रा चौपट होते. म्हणून घरांत एकच बाटली ठेवावी, आणि तिच्यावर मुलाचें नांव, वजन व मात्रा ठळक अक्षरांनीं लिहून चिकटवावी.